धातू असायला हवा होता असा पदार्थ

फ्रान्समधल्या काँ शहरातल्या विद्यापीठात क्लोद मिशेल आणि बर्नार राव्हो हे रसायनशास्त्रज्ञ 1980च्या दशकात लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांची संयुगं बनवत होते. तापवल्यावर हे पदार्थ ऑक्सिजन कसा घेतात आणि सोडतात, उत्प्रेरक म्हणून ते कामाला येतील का, असे त्यांचे व्यवहारी प्रश्न होते. एका संयुगाची विद्युतवाहकता त्यांनी 300 अंश सेल्सियसपासून उणे 100 अंशांपर्यंत मोजली, ती धातूसारखी भरली, तशी नोंद त्यांनी प्रसिद्ध केली आणि तिथंच थांबले. उत्प्रेरक शोधणाऱ्यानं त्याहून थंडीत जावं तरी कशाला? पण ते आणखी 140 अंश खाली उतरले असते, तर विसाव्या शतकातला पदार्थविज्ञानाचा एक मोठा शोध काँच्या नावावर लागला असता.

तो लागला स्वित्झर्लंडच्या नावावर. झुरिकजवळच्या रुश्लिकोन गावात आयबीएमची संशोधनशाळा आहे. तिथं अलेक्स म्युलर आणि त्यांचे तरुण सहकारी गेओर्ग बेडनोर्त्स 1983पासून एका अडगळीतल्या प्रश्नामागे लागले होते: ऑक्साइडांमध्ये अतिसंवाहकता, म्हणजे रोधावाचून वीज वाहून नेण्याचा गुण, सापडेल का? निकेलच्या ऑक्साइडांनी त्यांना बराच काळ झुलवलं. मग फ्रेंच निबंध बेडनोर्त्सच्या वाचनात आला. जानेवारी 1986मध्ये त्यांनी त्याच कुटुंबातला पदार्थ बनवून थंड केला, आणि 35 केल्विनच्या आसपास त्याचा विद्युतरोध कोसळू लागला. एप्रिलमध्ये त्यांनी निबंध पाठवला, तोही एका जर्मन नियतकालिकाकडे आणि अतिशय जपून शब्द वापरून. कारण असे दावे त्याआधीही अनेकदा झाले होते आणि विरूनही गेले होते.

35 केल्विन म्हणजे उणे 238 अंश सेल्सियस. या आकड्यात खळबळ माजण्यासारखं काय होतं, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. 8 एप्रिल 1911 रोजी नेदरलँड्समधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा 4.2 केल्विनपर्यंत थंड केला असता त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. तो कमी झाला नव्हता, मोजण्यापलीकडे गेला होता. 1933 साली बर्लिनमध्ये माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांना दिसलं की असा पदार्थ आपल्या अंतरंगातून चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो. त्यानंतर शेकडो धातू आणि मिश्रधातू तपासले गेले, आणि 1973पर्यंत विक्रम कसाबसा 23 केल्विनवर पोहोचला. बासष्ट वर्षांत एकोणीस अंश! या धंद्यातले सर्वांत मोठे शोधक बर्न्ड मॅथायस यांनी अनुभवातून काही पथ्यं घालून दिली होती: ऑक्सिजन टाळा, चुंबकत्व टाळा, निरोधक पदार्थ टाळा. एक पथ्य मिश्किल होतं, सिद्धांत मांडणाऱ्यांपासूनही लांब राहा. म्युलर आणि बेडनोर्त्स यांच्या पदार्थानं पहिली तिन्ही पथ्यं एकदम मोडली होती. चौथं लवकरच मोडणार होतं.

सिद्धांत होता, आणि चांगला होता. 1957 साली इलिनॉय विद्यापीठात बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन स्फटिकातून जाताना आजूबाजूच्या धन आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड असल्यामुळे जागेवर यायला वेळ लावतात, आणि तेवढ्यात तिथं साचलेला धनभार दुसऱ्या इलेक्ट्रॉनला खेचतो. अशा रीतीनं, जालकाच्या कंपनांच्या मध्यस्थीनं, एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन जोड्या करतात. सगळ्या जोड्या मिळून एकच पुंजयांत्रिक अवस्था बनते आणि तिला छोट्यामोठ्या अडथळ्यांची फिकीर उरत नाही. या सिद्धांताला 1972 साली नोबेल मिळालं. त्याच्या हिशेबानं अतिसंवाहकता 30–40 केल्विनच्या फार पुढे जाण्याची चिन्हं नव्हती, आणि बहुतेकांनी तशी मनाची तयारीही केली होती.

पुढचं वर्ष धामधुमीचं गेलं. तोक्यो विद्यापीठात तानाका आणि कितझावा यांच्या गटानं 1986 संपण्याआधी झुरिकच्या निष्कर्षाची खात्री करून दिली. जानेवारी 1987च्या अखेरीस अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये मॉ-क्वेन वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ह्यूस्टनच्या पॉल चू यांच्या साथीनं, लँथॅनमच्या जागी इट्रियम घातलं आणि पारा एकदम 93 केल्विनवर गेला. थंड करण्यासाठी आता द्रवरूप हेलियमची गरज उरली नाही. हवेतून काढलेला द्रवरूप नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, आणि तो दुर्मीळही नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांत कृत्रिम रेतनासाठी येणारा पशुवैद्यकीय कर्मचारी वळूचं वीर्य ज्या टाकीतून आणतो, त्या टाकीत हाच द्रव असतो.

शिवाय कृती सोपी. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मोजून घ्या, खलात घोटा, 900 अंशांहून जास्त तापमानाच्या भट्टीत भाजा, पुन्हा घोटा, दाबून वडी करा, पुन्हा भाजा आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड होऊ द्या. पहिल्या नमुन्यांत हिरवा आणि काळा असे दोन पदार्थ मिसळलेले होते आणि खरी करामत काळ्याची होती. ती नेमकी कोणत्या संयुगाची, हे ओळखणारा एक निबंध बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सी. एन. आर. राव यांच्या गटानं त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापला. सामान साधं आणि प्रश्न मोठा, अशी वेळ विज्ञानात क्वचित येते. त्यामुळे महागड्या यंत्रांवाचून अडलेल्या प्रयोगशाळाही या शर्यतीत उतरू शकल्या.

18 मार्च 1987च्या रात्री न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकन फिजिकल सोसायटीनं घाईनं भरवलेलं सत्र पहाटे तीननंतर संपलं. 51 वक्ते आणि प्रत्येकाला मिनिटं मोजकीच. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेडनोर्त्स आणि म्युलर यांना नोबेल जाहीर झालं. पुढे बिस्मथ आणि थॅलियम यांची संयुगं आली. 1993 साली झुरिकमध्येच पाऱ्याच्या क्युप्रेटनं (या कुटुंबातल्या तांब्याच्या ऑक्साइडांना क्युप्रेट म्हणतात) 133 केल्विन गाठलं, आणि प्रचंड दाबाखाली तोच पदार्थ 160च्या पुढे गेला. विक्रमांची ही कहाणी अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यापाशी फार रेंगाळण्याचं कारण नाही.

कारण गेल्या चार दशकांत हळूहळू उलगडत गेलेली गोष्ट वेगळीच आहे: या पदार्थांत अतिसंवाहकता हे सर्वांत कमी विचित्र वागणं आहे. विचित्रपणा त्याआधीच सुरू होतो.

सर्व क्युप्रेटांत एक गोष्ट समान असते. तांबं आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर तांब्याचा अणू आणि दोन तांब्यांच्या मधोमध ऑक्सिजन. लँथॅनम, इट्रियम, बेरियम, बिस्मथ ही मंडळी थरांच्या मधल्या जागेत बसतात आणि थरांना इलेक्ट्रॉन देतात किंवा त्यांच्याकडून काढून घेतात. मूळ लँथॅनम कॉपर ऑक्साइडात तांब्याच्या प्रत्येक आयनापाशी एक सुटा इलेक्ट्रॉन उरतो. घनपदार्थांचा पाठ्यपुस्तकातला सिद्धांत सांगतो की ज्या पदार्थात असा अर्धाच भरलेला ऊर्जापट्टा आहे, तो धातू असणारच. प्रत्यक्षात तो पक्का निरोधक निघतो.

हे कोडं क्युप्रेटांहून जुनं आहे. निकेल ऑक्साइडाच्या बाबतीत ते 1937 सालीच दे बूर आणि फेर्वे यांनी दाखवून दिलं होतं, आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी त्याचं कारण सांगितलं होतं. पाठ्यपुस्तकातला सिद्धांत इलेक्ट्रॉनांना एकमेकांची दखल न घेणारे मानतो. तांब्याच्या एका आयनावर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांच्यातल्या अपकर्षणाची किंमत इतकी जबर असते की कुणी शेजारी जायला धजत नाही. प्लास्टिकच्या चौकटीत पंधरा सोंगट्या आणि एक रिकामं घर असलेला आकडे सरकवायचा खेळ अनेकांनी लहानपणी खेळला असेल; त्यात सोळावी सोंगटी बसवली की काहीच हलत नाही. मॉट निरोधक तसा असतो. इलेक्ट्रॉन आहेत, जागाही ठरल्या आहेत, अडतं ते गर्दीमुळे.

मात्र अडकलेले इलेक्ट्रॉन स्वस्थ नसतात. प्रत्येकाला स्पिन असतो, म्हणजे तो एक सूक्ष्म चुंबक असतो. शेजाऱ्याचा स्पिन उलट्या दिशेला असेल, तरच क्षणभर त्याच्या घरात डोकावून परत येण्याची मुभा पुंजयांत्रिकी देते, आणि त्या डोकावण्यात थोडी ऊर्जा वाचते. म्हणून स्पिन आळीपाळीनं वर-खाली लागतात. या बंधाची ताकद तापमानाच्या भाषेत सुमारे 1500 केल्विन भरते, आणि लँथॅनम कॉपर ऑक्साइडात ही चुंबकीय रचना खोलीच्या तापमानालाही टिकून राहते. अतिसंवाहकतेचा कट्टर शत्रू मानलं गेलेलं चुंबकत्व असं तिच्या थेट शेजारी ठाण मांडून आहे.

आता लँथॅनमचे काही अणू काढून तिथं स्ट्रॉन्शियम घालावं. स्ट्रॉन्शियमकडे देण्यासाठी एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तेव्हा थरातून तेवढे इलेक्ट्रॉन निघून जातात आणि घरं रिकामी होतात. या भेसळीला डोपिंग म्हणतात. तांब्याच्या शंभर आयनांमागे दोन इलेक्ट्रॉन गेले की चुंबकीय शिस्त मोडते. पाचच्या सुमारास अतिसंवाहकता उगवते, सोळाला कळस गाठते आणि सत्तावीसच्या आसपास मावळते. आडव्या अक्षावर डोपिंग आणि उभ्या अक्षावर तापमान मांडलं की अतिसंवाहक प्रदेश घुमटासारखा दिसतो. या विषयावरच्या जवळपास प्रत्येक चर्चेत हा नकाशा फळ्यावर काढला जातो. भांडणं होतात ती घुमटाबाहेरच्या प्रदेशांच्या नावांवरून आणि सीमांवरून.

घुमटाच्या आतलं चित्र बरंच स्पष्ट आहे. तिथंही इलेक्ट्रॉनांच्या जोड्याच असतात, हे 1987 सालीच ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममधल्या प्रयोगानं सिद्ध झालं. प्रश्न जोडीच्या आकाराचा होता. जुन्या अतिसंवाहकांत जोडीचं तरंगफल सगळ्या दिशांना सारखं असतं. जोडी जर चुंबकत्वाच्या कुशीत जन्मली असेल, तर ते चार पाकळ्यांचं असावं, एका आड एक धन आणि ऋण, असं भाकीत होतं. पण तरंगाचं चिन्ह मोजायचं कसं? इलिनॉयमध्ये डेल व्हॅन हार्लिंगन यांच्या गटानं 1993 साली एक वाट दाखवली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत चांग त्सुई आणि जॉन कर्टली यांनी केलेला प्रयोग तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा म्हणावा लागेल. त्यांनी वेगवेगळ्या कोनांत वळवलेल्या तीन स्फटिकांच्या सांध्यावर क्युप्रेटचं पातळ कडं बनवलं. कोन असे निवडले होते की कड्याभोवती एक फेरी मारताना पाकळ्यांचं चिन्ह नेमकं एकदा उलटावं. चिन्ह जुळवायचं असेल तर कड्याला स्वतःहून प्रवाह सुरू करावा लागतो आणि चुंबकीय प्रवाहाचं अर्धं एकक धरून ठेवावं लागतं. एरवी अतिसंवाहक कडी हे एकक पूर्ण संख्येतच धरतात. सूक्ष्मदर्शी यंत्रात अर्धंच एकक दिसलं, आणि चार पाकळ्यांवरचा वाद तिथं जवळजवळ मिटला.

घुमटाबाहेर मात्र असं काही मिटलेलं नाही.

कमी डोपिंगच्या बाजूला, अतिसंवाहकता येण्याच्या खूप आधी, पदार्थ थंड होत असतानाच काही दिशांना धावणारे इलेक्ट्रॉन गायब होऊ लागतात. जणू त्यांच्या ऊर्जापातळ्यांत फट पडली आहे, पण रोध अजून शिल्लक आहे. याला स्यूडोगॅप म्हणतात. त्याचा पहिला सुगावा 1989 साली अणुगर्भांच्या चुंबकीय मोजणीतून लागला. प्रकाशाच्या माऱ्यानं इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची दिशा आणि ऊर्जा मोजण्याचं तंत्र सुधारल्यावर आणखी अजब गोष्ट दिसली. धातूत इलेक्ट्रॉनांच्या कमाल ऊर्जेची सीमारेषा बंद वळणाची असायला हवी, इथं तिचे नुसते तुकडे उरले होते. 1998 साली ‘नेचर’मध्ये हे दाखवणाऱ्या निबंधाच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोहित रणदेरिया होते. स्यूडोगॅप म्हणजे एकसुरात न आलेल्या जोड्या की अतिसंवाहकतेशी स्पर्धा करणारी वेगळीच अवस्था, यावर अजून दोन तट आहेत.

कळसाच्या डोक्यावर आणखी एक प्रदेश आहे. तिथं पदार्थ धातू म्हणवतो, पण त्याचा रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत जातो. एका क्युप्रेटात ही रेषा सुमारे 1100 केल्विनपर्यंत वाकलेली दिसली नाही. साध्या धातूत इलेक्ट्रॉन दोन टकरींमध्ये अणूअणूमधल्या अंतराहून कमी धावू शकत नाही, म्हणून रोधाला वरची मर्यादा येते. इथं ती मर्यादा सरळ ओलांडली जाते. मग वीज वाहून कोण नेतं? सुटा इलेक्ट्रॉन ही कल्पनाच तिथं लागू पडत नाही, असं अनेक अभ्यासक आता उघडपणे म्हणतात. बेल प्रयोगशाळेत चंद्र वर्मा आणि सहकाऱ्यांनी 1989 साली या प्रदेशाचं नेटकं वर्णन केलं, आणि हार्वर्डचे सुबीर सचदेव यांनी याच कोड्यापायी कृष्णविवरांच्या गणितापर्यंत मजल मारली.

त्यात बेडनोर्त्स-म्युलर यांच्या मूळ पदार्थाची एक खोडी सांगायलाच हवी. त्यात डोपिंग एक-अष्टमांशाच्या जवळ नेलं, की ऐन कळसापाशी अतिसंवाहकता जवळपास मरते. 1995 साली ब्रुकहेवनच्या जॉन ट्रँक्वाडा यांनी अशाच एका क्युप्रेटावर न्यूट्रॉन सोडून पाहिलं, तेव्हा रिकामी घरं पट्ट्यापट्ट्यांत गोळा झालेली आणि मधल्या जागेत चुंबकत्व परतलेलं आढळलं. म्हणजे चुंबकत्व, विद्युतभाराची मांडणी आणि अतिसंवाहकता एकाच घरात नांदतात, आणि कधी कोण वरचढ ठरेल याचा नेम नसतो.

सिद्धांताची पहिली मोठी ठिणगी भारतात पडली. जानेवारी 1987मध्ये बंगळूरच्या परिषदेत नोबेलविजेते फिलिप अँडरसन यांनी मांडलं की गुरुकिल्ली जालकाच्या कंपनांत नाही, मॉट निरोधकात आहे. तिथले उलट स्पिनचे इलेक्ट्रॉन आधीच जोडीदार धरून असतात, आणि या जोड्या सतत बदलत राहतात. रिकामी घरं मिळाली की त्याच जोड्या वाहू लागतात. या कल्पनेला गणिती रूप देण्यात जी. बास्करन यांचा मोठा वाटा होता. 2004 साली अँडरसन यांनी हा विचार पुन्हा साध्या रूपात मांडला, तेव्हा सहलेखकांत रणदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी हे टाटा संस्थेतले दोघे होते. दुसरीकडे डग्लस स्कॅलापिनो, डेव्हिड पाइन्स यांच्यासारख्यांचं म्हणणं असं की चुंबकीय लहरीच कंपनांची जागा घेतात आणि जोड्या जुळवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक बारीक वाटेल. आत मात्र त्यावरून पिढ्या भांडल्या.

भांडण मिटवायला गणक बसवावा तर तोही लवकर दमतो. 1963 सालचं हबर्डचं प्रारूप दोनच गोष्टी मानतं: इलेक्ट्रॉन शेजारी उडी मारू शकतो आणि एका घरात दोघं आले तर दंड पडतो. प्रत्येक घराच्या चार शक्यता, रिकामं, वर, खाली किंवा दोन्ही. फक्त सोळा घरांच्या चौकोनात शक्यता सुमारे 429 कोटी होतात, आणि चारशे घरं घेतली तर आकडा लिहायला दोनशे चाळीसच्या वर अंक लागतात. त्यामुळे अगदी अलीकडे, 2020 साली, एका मोठ्या संयुक्त गणनेतून कळलं की साध्यातल्या साध्या हबर्ड प्रारूपात योग्य त्या डोपिंगला अतिसंवाहकता येतच नाही. 2024 साली दुसऱ्या एका गणनेनं दाखवलं की तिरक्या शेजाऱ्याकडे उडी मारायची मुभा दिली, की ती येते. पन्नासहून अधिक वर्षं एवढ्या साध्या समीकरणानं दाद दिली नाही, यातच विषयाची खोली कळते.

उपयोगाचं काय, हा प्रश्न विचारणं रास्तच आहे. 1987च्या जाहिरातींत शून्य रोधाच्या तारांनी शहरं जोडली जाणार होती. पण क्युप्रेट ही चिनी मातीसारखी ठिसूळ वस्तू आहे, आणि तिच्या दोन कणांच्या दिशा थोड्या जरी वेगळ्या पडल्या तरी सांध्यावर प्रवाह आटतो. आज धातूच्या पट्टीवर एका दिशेत वाढवलेला क्युप्रेटचा अतिपातळ थर वापरतात. जर्मनीतल्या एसेन शहरात 2014 साली क्युप्रेटची एक किलोमीटर लांबीची केबल शहराच्या वीजजाळ्यात बसली. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये चुंबकांना वीज पोचवणाऱ्या जोडण्यांत बिस्मथ क्युप्रेट आहे. 2021 साली अमेरिकेत एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी अणुसंमीलनासाठी 20 टेस्लाचा चुंबक चालवून दाखवला, तो अतिपातळ थराच्या पट्ट्यांचा. इस्पितळातल्या बहुतेक एमआरआय यंत्रांत मात्र जुनी नायोबियम-टायटॅनियमची तारच आहे, आणि ती द्रवरूप हेलियमनंच थंड होते.

या क्षेत्रात खोट्या पहाटाही पुष्कळ होतात. जुलै 2023मध्ये दक्षिण कोरियातून ‘एलके-99’ नावाच्या शिसे-तांब्याच्या पदार्थात खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता सापडल्याची बातमी आली. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, आणि रोधातली घसरण त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडची असल्याचं निष्पन्न झालं. असा दावा पुन्हा कानावर आला, तर दोन गोष्टी विचाराव्यात: रोध खरोखर शून्य झाला का, आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकलं गेलं का.

पुढील पानं वाचताना वाचकानं डोपिंग आणि तापमानाचा तो नकाशा कागदावर काढून शेजारी ठेवावा आणि डाव्या टोकापासून, म्हणजे ज्या पदार्थात काहीच वाहत नाही तिथून, सुरुवात करावी. घुमटाकडे लगेच धाव घेण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण घुमटात शिरायची वाट मॉट निरोधकातूनच जाते. मतभेद आले की कुणाचं बरोबर हे ठरवण्याची घाई करू नये. कोणता प्रयोग कोणत्या डोपिंगवर आणि कोणत्या तापमानाला झाला, हे आधी पाहावं. बरीच भांडणं नकाशावरच्या दोन वेगळ्या ठिकाणांवरून झालेली आहेत.